मशीन शून्य दाखवतं

२ मार्च

अक्का,

इथूनच वाकलो आहे, पाया पडलो असं समज.

तुझा डबा मिळाला. बटणांचा जुना डबा पाहून आधी वाटलं, अक्काने सदऱ्याला लावायला बटणं पाठवली. उघडला तर पिवळ्या गोळ्या, कापसात नीट निजवलेल्या. वर तुझ्या अक्षरात चिठ्ठी, 'सकाळी एक, संध्याकाळी एक, शिंका बंद.' तीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिलीस ते उगाच नाही.

आणि खरंच बंद झाल्या गं. आगाराशेजारची ती झाडं फुलली की दरवर्षी माझी काय दैना होते ते तुला माहीत आहे. ओळीने सात शिंका. बस चालवताना सात शिंका म्हणजे पाऊण रस्ता डोळे मिटून. आता आठवडाभर एकही नाही. शिवाय मन कसं निवांत झालंय. रस्ता गादीसारखा मऊ लागतो. पूर्वी कोणी आडवा आला की माझ्या तोंडून काय काय निघायचं. आता कोणी आडवा आला तर मला त्याचं कौतुकच वाटतं.

तुझ्या भावजयीला लेकीच्या बाळंतपणाला जाऊन महिना झाला. घरात मी एकटाच, पण करमतं. परवा मोजे घालता घालता अर्धा तास गेला, कळलंही नाही.

वीस तारीख लक्षात ठेव. तीस वर्षं एकही अपघात नाही, म्हणून त्या दिवशी मला बिल्ला मिळणार आहे. आगारप्रमुख स्वतः लावणार. मग फुलांनी सजवलेली बस मी चालवायची आणि घरच्यांनी पुढच्या बाकावर बसायचं. तू आणि दाजी यायचंच. माझ्या हयातीत मला मिळालेली ही एकच चीज असेल. रोज सकाळी आगारात मशीनच्या नळीत फुंकर मारावी लागते. तीस वर्षं आकडा एकच, शून्य. मी थेंबाला शिवलेलो नाही हे तुला ठाऊक आहेच.

एक गंमत सांगतो. मंगळवारी चौकात लाल दिव्याला थांबलो, तर दिवा काही हिरवा होईना. वीस-पंचवीस मिनिटं गेली. शेवटी आमच्या कंडक्टर बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "मामा, हा सलूनच्या पाटीचा दिवा आहे." लोक दुकानांना लाल दिवे लावतात, ड्रायव्हरने करायचं काय? तेवढ्यात तीन उतारूंचे केस कापून झाले होते, त्यामुळे तक्रार कोणाचीच नव्हती.

तुझा,
धाकट्या

५ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, वेगळे लिहीत नाही.

गोळी लागू पडली, वाचून जीव भांड्यात पडला. तुझ्या शिंका मी लहानपणापासून ऐकत आले आहे. एकदा वर्गात शिंकलास आणि पुढच्याच्या पाटीवरची बेरीज पुसली गेली होती. गोळ्यांची पाकिटं डब्यात मावेनात म्हणून मी एकेक गोळी सोडवून काढली. दाजी म्हणाले, "अगं, मटार सोलतेस की काय?" त्यांना सांगितलं, माझ्या भावाचं काम आहे, तुम्ही पेपर वाचा.

सलूनवाल्याचं मात्र चुकलं. लाल दिवा लावायचा असेल तर दुकानाच्या आत लावावा. तरी तू एकदा डोळे तपासून घे. साठीला आलास. नंबर बदलला असेल.

फोन करत जाऊ नकोस. मला निम्मं ऐकू येतं, आणि दाजी ऐकून घेतात त्यातलं निम्मं मला सांगतात. परवा तू काय म्हणालास विचारलं तर म्हणाले, "बरं म्हणाला." पत्रच बरं.

वीस तारखेला आम्ही येतोय. मी दाजींना नवे बूट घ्यायला लावले आहेत. संध्याकाळची गोळी चुकवू नकोस.

अक्का

९ मार्च

अक्का,

नमस्कार. डोळे तपासले, उत्तम आहेत. डॉक्टरांनी अक्षरांचा तक्ता दाखवला, मी सगळी अक्षरं वाचली. फक्त प्रत्येक अक्षराकडे मी फार वेळ आपुलकीने बघत होतो, असं ते म्हणाले. त्याला काही नंबर नसतो.

परवाची हकीकत ऐक. मी सात नंबरची फेरी घेऊन निघालो. पुढे एक ट्रक होता. त्यात कोणाच्या तरी घरचं सामान, आणि मागच्या बाजूला आपल्याकडे तोंड करून ठेवलेला सोफा. चांगला तीन माणसांचा, हिरवा. मी त्याच्याकडे बघत चाललो. ट्रक वळला, मी वळलो. ट्रक थांबला, मी थांबलो. बघतो तर कोणाच्या तरी अंगणात आम्ही उभे. आपल्या मार्गापासून सहा किलोमीटर लांब. अंगणातले लोक नव्या घरात राहायला आले होते. दारात ट्रकमागे बस बघून त्यांना वाटलं, हमालांची सोय झाली.

आता एवढं आलोच आहोत तर म्हणून उतारूंनी कपाट वर चढवून दिलं. एक निवृत्त मास्तर होते, त्यांनी पलंगाचे स्क्रू पिळले. सगळ्यांना चहा मिळाला. कंडक्टर बाईंनी नियमाप्रमाणे प्रत्येकाला वाढीव टप्प्याचं तिकीट फाडलं. परत आलो तेव्हा पुढची फेरी निघून गेली होती, पण ती फेरीसुद्धा मलाच न्यायची असल्यामुळे निघाली नव्हती, असं नंतर लक्षात आलं.

कंडक्टर बाई हल्ली माझ्या मागेच उभ्या राहतात. मध्येच विचारतात, "मामा, सात आठे किती?" मी सांगतो. बरोबर असतं. वेळ लागतो, पण बरोबर असतं.

आता मुद्द्याचं. आगारात मी एकटाच शिंकत नव्हतो. ती झाडं कोणालाच सोडत नाहीत. तुझ्या गोळीचं नाव झालंय. मी डबा ड्रायव्हरांच्या खोलीत पाण्याच्या माठाशेजारी ठेवला, दोन दिवसांत रिकामा. सगळे तुला 'शिंकवाल्या अक्का' म्हणतात. जरा जास्त पाठव. मला थोडा खोकलाही झालाय.

तुझा,
धाकट्या

११ मार्च

धाकट्या,

मोठा डबा पाठवत आहे. दुकानातल्या नव्या मुलीला सांगितलं, अख्खं आगार आहे, सढळ हाताने दे. दोन दिवस मी आणि दाजी समोरासमोर बसून गोळ्या सोडवत होतो. दाजींच्या अंगठ्याचं नख तुटलं.

सोबत खोकल्याचं औषध आहे. ते निवडताना मी फार काळजी घेतली. बाटली उजेडात धरून तीन बाजू वाचून काढल्या. दारूचा अंश नाही. नाहीतर काही औषधांत असतो, आणि उगाच सकाळी तुझ्या मशीनचा आकडा हलायचा. तीस वर्षांच्या शून्याला माझ्या हातून डाग लागायला नको. दिवसातून तीनदा दोन-दोन चमचे घे.

सोफ्याचं वाचून दाजी फार हसले. मला नवल वाटलं नाही. तू लहानपणीसुद्धा कोणाच्याही मागे जायचास. एकदा बँडवाल्यांच्या मागे गेलास आणि जेवूनच परत आलास. पण आता तू ड्रायव्हर आहेस रे. उपाशीपोटी गाडीवर बसत जाऊ नकोस, त्यानेच लक्ष भरकटतं.

अक्का

१४ मार्च

अक्का,

डबा आणि बाटली पोचली. आता आगारात शिंक नाही की खोकला नाही, कसं शांत शांत. सकाळी एकमेकांना "आधी तू जा", "नाही, आधी तू जा" करत आमच्या बस फाटकाशी तासभर उभ्या असतात. भांडण म्हणून नाही. आगारप्रमुख म्हणतात, शिस्त सुधारली.

काल तर सलूनच्या दिव्यापाशी आमच्याच पाच बस ओळीने उभ्या होत्या. मी तिसरा होतो. मला माहीत होतं तो सलूनचा दिवा आहे म्हणून, पण पुढचे दोघं थांबले होते, मग बरं दिसत नाही. सलूनवाल्याने दोन खुर्च्या वाढवल्या आहेत. तुला नमस्कार सांगितलाय.

रोजचं मशीन शून्य. कालचं शून्य तर इतकं ठळक आलं की मी कंडक्टर बाईंना बोलावून दाखवलं.

एक बारीकसं झालं. शाळेपुढच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती. मला दिसली ना. चांगली लांबून दिसली. निळी बाबागाडी, वर छोटी झालर. मी तिच्याबद्दल विचारही केला, की किती जपून चालली आहे. ब्रेकचाही विचार केला. फक्त पायाला निरोप जरा उशिरा पोचला. कंडक्टर बाई एवढ्या मोठ्याने का किंचाळल्या कळलं नाही. बाई पार झाली, बाबागाडी पार झाली. नंतर कंडक्टर बाई खाली उतरून तिच्याशी बराच वेळ बोलत होत्या. परत आल्या आणि घंटी न देताच पायरीवर बसून राहिल्या. मी त्यांना म्हटलं, एक पिवळी घ्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बटणांचा डबा खिशात ठेवला.

सहा दिवस राहिले. दाजींचे बूट आले का?

तुझा,
धाकट्या

१५ मार्च

धाकट्या,

हे पत्र पोस्टाने न पाठवता तुमच्याच आगाराच्या बसच्या ड्रायव्हरजवळ देत आहे, म्हणजे आजच मिळेल. मिळाल्याबरोबर बसमधून खाली उतर.

काल मला सर्दी झाली. तुझ्यासाठी काढलेल्या गोळ्यांतली एक घेतली. मग टेबलावरच्या कापडाचा काठ दुमडून हातशिलाई करत बसले. दाजी टेबलाशीच पेपर वाचत होते. तासाभरात शिवण झाली. काय सुबक शिवण, एक टाका वाकडा नाही. मला वाटलं, आयुष्यात इतका छान हात कधी चालला नव्हता. तेवढ्यात दारावरची बेल वाजली आणि दाजी उठले. त्यांच्यामागे टेबलावरचं कापड निघालं, कापडाबरोबर ताटं, वाट्या आणि आमटीचं पातेलं. मी कापड त्यांच्या विजारीला शिवलं होतं, मांडीपासून घोट्यापर्यंत. त्यांनी तसंच जाऊन दार उघडलं. मीटर बघायला आलेला माणूस मीटर न बघताच गेला.

हसू नकोस. मी झोपले नव्हते. पेंगतही नव्हते. झोप आली असती तर कळलं असतं आणि मी सुई ठेवली असती. मला काहीच कळलं नाही रे. उलट वाटत होतं, सगळं छान चाललंय. मग तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. सलूनचा दिवा. सोफा. आणि ती बाई. 

गोळ्यांची रिकामी पाकिटं मी टाकत नाही, बरण्यांच्या झाकणाखाली घालते. भिंग लावून वाचलं. लिहिलंय, 'गुंगी येऊ शकते. वाहन किंवा यंत्र चालवू नये.' ते मीच कात्रीने कापून घरी ठेवलं आणि तुला नुसत्या गोळ्या पाठवल्या. खोकल्याच्या बाटलीच्या तीन बाजू वाचल्या होत्या ना, चौथ्या बाजूवरही हेच आहे. मी दारू शोधत होते, म्हणून दुसरं काही दिसलंच नाही. आणि दोन्ही एकत्र म्हणजे आगीत तेलच.

तीस वर्षं हे वाक्य मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी सांगत आले. तुला सांगितलं नाही, कारण तुला मी गिऱ्हाईक समजले नाही.

मशीनला फक्त दारूचा वास कळतो. बाकी त्याला काही कळत नाही. तू बस चालवू नकोस. बाकीच्यांनाही सांग. कोणी विचारलं तर माझं नाव सांग.

अक्का

१७ मार्च

मा. आगारप्रमुख साहेब,

मी तुमच्या सात नंबरच्या ड्रायव्हरची थोरली बहीण. तुमच्या आगारात जी पिवळी गोळी फिरते आहे ती मी पाठवली. ती घेतल्यावर माणसाचं लक्ष उडतं, हात-पाय उशिरा हलतात आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. भावाला पत्र पाठवलं, उत्तर नाही. माझ्या यजमानांना त्याला फोन करायला सांगितला, ते फोनवर फक्त "बरं, बरं" म्हणतात. माझी विनंती आहे की ज्यांनी गोळी घेतली त्या कोणालाही गाडीवर बसू देऊ नये, माझ्या भावाला सर्वांत आधी. चूक माझी आहे. शिक्षा काय असेल ती मला करा.

आपली,
एक निवृत्त दुकान-सहायक

१८ मार्च

महोदया,

आपले दि. १७ चे पत्र पोहोचले. आपल्या भावना कार्यालयाने जाणल्या. तथापि, चौकशीअंती असे दिसून आले की सर्व चालकांच्या श्वासाची तपासणी दररोज होते व सर्वांचा आकडा शून्य आहे. तपासणीच्या नोंदवहीत 'दारू आहे' व 'दारू नाही' असे दोनच रकाने असून 'गोळी' असा रकाना नाही. रकाना नसल्याने नोंद करता येत नाही व नोंद नसल्याने कार्यवाही करता येत नाही. नवीन रकान्यासाठी आपण अर्ज केल्यास तो वर पाठवता येईल.

सर्दीबद्दल म्हणाल तर सदर गोळी मी स्वतःही घेत असून मला अत्यंत प्रसन्न वाटते. दि. २० च्या समारंभास आपण अगत्याने यावे. दि. २० च्या समारंभास आपण अगत्याने यावे.

आगारप्रमुख

१८ मार्च

अक्का,

तुझं पंधरा तारखेचं पत्र आज मिळालं. ज्याच्याजवळ दिलंस त्याने ते पुढच्या काचेशी ठेवलं आणि तीन दिवस इकडून तिकडे नेलं. त्याला वाटायचं, पोचवलं.

तू उगाच घाबरलीस. तुझं आता वय झालं, तुला एक गोळी जड गेली असेल. नशा केलेल्या माणसाला झोकांड्या जातात, तोंडाला वास येतो, तो बरळतो. माझं यातलं काही आहे का? औषध ते औषध आणि नशा ती नशा. बहिणीने पाठवलेलं औषध घेऊन कोणाला अपघात झालाय का कधी?

तरी तुझा शब्द म्हणून गोळी कालपासून बंद केली आहे. वीस तारखेला बिल्ला आहे. तीस वर्षं, अक्का. माझ्याबरोबरचे कोणी हवालदार झाले, कोणी दुकानं काढली. मी एकच रस्ता धरला आणि त्याच्यावर कोणाला ओरखडा येऊ दिला नाही. आता दोन दिवसांसाठी 'मी गाडीला लायक नाही' असं लिहून देऊ? लोक काय म्हणतील, म्हातारा शेवटी घसरला.

आज सकाळची गोळी घेतल्यावर चहा प्यायलो, तेव्हा कपात खिडकी दिसत होती. फार सुंदर दिसत होती. तरी तुझा शब्द म्हणून गोळी कालपासून बंद केली आहे. दाजींना सांग, बूट आधी थोडे वापरून घ्या.

तुझा,
धाकट्या

१९ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र वाचलं. काल बंद केलेली गोळी तू आज सकाळी घेतलीस.

मी उद्या येते. पुढच्या बाकावर बसायला येत नाही.

अक्का

२१ मार्च

धाकटी,

तुला आणि लेकीला आशीर्वाद. बाळाचं न्हाणं-धुणं नीट चाललं असेल.

तुझ्या नवऱ्याने तुला काही कळवलं नसेल, म्हणून मी लिहिते. तो सुखरूप आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं.

काल सकाळी आम्ही आगारात पोचलो. पताका, फुलं, खुर्च्या, भोंगा, सगळं होतं. बस नवरीसारखी सजवली होती. मी कोणाशी न बोलता बसमध्ये चढले आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. पर्स मांडीवर, दोन्ही हात चाकावर. सीट उंच, माझे पाय टेकेनात. आगारप्रमुख आले, म्हणाले, बाई, ही जागा चालकाची आहे. मी म्हटलं, चालक असेल तो मला उठवेल.

मी शाळेतली फूटपट्टी नेली होती. दाजींवर घरी करून पाहिलं होतं. पट्टी वरून उभी सोडायची, समोरच्याने खाली बोटं उघडी ठेवून ती पकडायची. सर्दी नसलेल्या दाजींनीसुद्धा निम्म्यावर पकडली, आणि ते काही चपळ गृहस्थ नव्हेत. मी म्हटलं, जो पकडेल त्याला जागा देते.

बारा ड्रायव्हर ओळीने आले. एकालाही पट्टी सापडली नाही. एकाने पट्टी जमिनीवर पडल्यावर मूठ मिटली आणि लोकांकडे अभिमानाने बघितलं. एकाने माझा हात पकडला. आगारप्रमुख पुढे झाले, त्यांच्या बुटावर पट्टी पडली तेव्हा ते भोंग्यातून "आभारी आहे" म्हणाले. गर्दी टाळ्या वाजवत होती, त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

शेवटी आपला आला. तीनदा सोडली. तीनदा पडली. तिसऱ्यांदा तो खाली वाकला आणि पट्टीकडे बघतच राहिला. मी हळूच म्हटलं, "धाकट्या, पट्टी पडायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढ्यात पोर रस्त्यावर येतं." तो उठला. पायरीवर जाऊन बसला. मलाही रडू आलं, पण सीट सोडली नाही.

मग समारंभाचं काय करायचं? पाहुणे बसमध्ये बसले होते, भाषणं छापून आणली होती. शेवटी बस जागेवरच ठेवून कार्यक्रम केला. आगारप्रमुखांनी भोंग्यातून "आता आपण निघालो आहोत" असं जाहीर केलं. लोकांनी खिडकीतून हात हलवले. पंधरा मिनिटांनी "आपण पोचलो आहोत" म्हणाले, आणि लोक उतरले. एक आजोबा मला म्हणाले, इतकी कमी धक्क्यांची बस त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. बिल्ला लावला गेला. लावताना तुझा नवरा मान खाली घालून होता.

संध्याकाळी मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी विचारलं, काम काय करता? बस चालवतो म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. आता शिंकांवर दुसरं औषध दिलंय. ते घेऊनसुद्धा आधी काही दिवस घरीच बसून बघायचं, अंगाला कसं मानवतं ते. बटणांचा डबा मी परत आणला आहे.

तो माझ्याशी बोलत नाही. तू लगेच धावत येऊ नकोस, पण त्याला दोन ओळी लिही.

अक्का

३१ मार्च

अक्का,

नमस्कार. दहा दिवस तुझ्याशी अबोला धरला. राग तुझ्यावर होता असं मला वाटत होतं.

गोळी सुटली, आणि सहाव्या दिवशी घरात बसलो असताना मला एक आवाज ऐकू आला. टक् असा. पत्र्यावर काहीतरी हलकं आपटल्याचा. घरात पत्रा नाही. मी उठून सगळीकडे पाहिलं. आणि मग कळलं तो कुठला आवाज. तो चौदा तारखेच्या पत्राच्या आदल्या दिवसाचा होता, मला आत्ता पोचला.

बाई पार झाली असं मी तुला लिहिलं. ती झाली. बाबागाडी झाली नव्हती. खोटं लिहिलं नव्हतं अक्का, मला खरंच वाटत होतं की झाली. मी कंडक्टर बाईंच्या घरी गेलो आणि विचारलं. त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, "मामा, बस गाडीला लागली. पुढचं चाक दुमडलं. पोरगं रडत होतं म्हणून तिने नुकतंच खांद्यावर घेतलं होतं." त्यांनी त्या बाईची समजूत काढली होती, माझ्या बिल्ल्यासाठी. वीस तारीख होऊ दे मग बोलू, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि मग त्यांना बोलता येईना.

मी त्या बाईकडे गेलो. तिने दार उघडलं, पोरगं कडेवर. मी काय बोललो आठवत नाही. तिने आत या म्हटलं नाही आणि दारही लावलं नाही.  पोरगं माझ्या सदऱ्याच्या खिशात हात घालत होतं. शेवटी ती म्हणाली, "ते रडलं म्हणून."

आगारात जाऊन बिल्ला टेबलावर ठेवला. आगारप्रमुख आता शुद्धीत आहेत, त्यामुळे शिंकतात आणि फार चिडतात. म्हणाले, बाबागाडी हे वाहन आहे की नाही ते आधी ठरवावं लागेल, वाहन नसेल तर अपघात धरता येत नाही. तासभर तीन कारकून नियम शोधत होते. मी नोंदवही ओढली आणि रकाने सोडून पानावर आडवं लिहिलं, 'तेरा मार्चला माझ्या बसने बाबागाडीला धक्का दिला. मी गोळी घेतलेली होती.' खाली सही केली. साहेबांनी चष्मा लावून ते वाचलं. मग त्यांनी खाली स्वतःचं नाव लिहिलं, 'मीही.' नंतर एकेक ड्रायव्हर येऊन लिहून गेला. पान पुरलं नाही.

सध्या मला गाडी नाही. झाडांची फुलं गळेपर्यंत फाटकावर नेमलंय. ज्याला फाटकातून बस बाहेर काढायची त्याने आधी खाली उतरायचं, काय औषध घेतलं ते सांगायचं, पट्टी पकडायची आणि मग जायचं. नियमात बसत नाही, पण साहेबांनी तोंडी सांगितलंय. आज बेचाळीसपैकी अकरा जणांना मी सोडलं नाही. त्यात दोघं माझ्या बरोबरीचे, एकाच पंगतीत जेवलेले. एक म्हणाला, "बिल्ला गेला म्हणून आमच्यावर सूड उगवतोस." थांब्यांवर लोक ताटकळले. एका बाईने माझ्या अंगावर छत्री उगारली. मी फाटक धरून उभा होतो. दिवसभरात इतक्या शिव्या खाल्ल्या की जेवायची गरज पडली नाही.

संध्याकाळी बस परत यायला लागल्या. मी मोजत उभा राहिलो. दिवे एकेक करून वळत होते, मी एकेक बोट दुमडत होतो. शेवटची सात नंबरची, कंडक्टर बाईंनी खिडकीतून हात केला.

एकतीस गेल्या होत्या. एकतीस आल्या.

तुझा,
धाकट्या